बेट उजव्या हाताला ठेवून

मॉरिशसला जाऊन आलेल्या आपल्याकडील मंडळींशी बोलू लागावे, तर पांढरी वाळू, निळे उथळ पाणी, बोटीतून केलेली एक सहल आणि हॉटेलातला नाश्ता एवढ्या चार गोष्टींपलीकडे संभाषण सहसा सरकत नाही. आणि यात त्या मंडळींचा दोष नसून, ज्या संथ किनाऱ्यावर त्यांना विमानतळावरून थेट नेऊन ठेवण्यात येते, तो किनारा विसाव्यासाठी जितका सुखाचा, तितका अवलोकनासाठी अपुरा आहे, हेच त्याचे कारण होय. परंतु याच बेटाला दुसरी एक बाजू आहे. बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची जी प्रवाळाची भिंत आहे, ती दक्षिणेस काही ठिकाणी तुटते, आणि दक्षिण ध्रुवाच्या दिशेकडून हजारो कोस अडथळ्यावाचून आलेल्या महासागराच्या लाटा तेथे सरळ काळ्या कातळावर येऊन फुटतात. त्या बाजूने मोटारीने कसे जावे, कोठे थांबावे, आणि कोठे थांबण्याचा मोह आवरावा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मार्ग साधा आहे. आग्नेयेकडील माएबूर या जुन्या बंदरापासून आरंभ करावा, दक्षिण किनाऱ्याने सुइयाक व बे द्यु काप करीत नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्न डोंगराशी पोहोचावे, आणि तेथून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेस वळून तामारँवरून कास्काव्हेल या गावी मजल संपवावी. विमानतळ माएबूरच्या निकटच असल्यामुळे उतरल्या दिवसापासूनच हा प्रवास आरंभता येतो. मॉरिशसचे मुख्य बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरांचे. आपला एकटा रत्नागिरी जिल्हा त्याच्या चौपटीहून मोठा भरेल. या आकड्यानेच पुष्कळांची फसगत होते. पहिल्या खेपेस माझीही झाली. बेट एवढेसे, तेव्हा सकाळी निघून दिवेलागणीस सगळा फेरा पुरा करू, असा हिशेब करून मी निघालो, तो पुरा केलाही, आणि रात्री वहीत काही टिपावे म्हणून बसलो, तेव्हा वळणे, उसाची शेते आणि पुन्हा वळणे यांवाचून काहीएक आठवेना. दुसऱ्या खेपेस याच वाटेला तीन दिवस दिले, आणि तेही पुरे पडले नाहीत. दोन दिवसांहून कमी वेळ हाताशी असेल, तर संपूर्ण मार्गाचा हट्ट सोडून सुइयाक ते ल मोर्न एवढाच टप्पा करावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे.

दिशेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. इंग्रजी अमलाचा वारसा म्हणून येथे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. त्यामुळे पूर्वेकडून दक्षिणेस आणि दक्षिणेकडून पश्चिमेस, म्हणजे देवळाला घालावी तशी बेटाला प्रदक्षिणा घातली, की बेट उजव्या हाताला राहते आणि समुद्र सतत डाव्या बाजूस, आपल्या अगदी लगत येतो. जेथे मन होईल तेथे गाडी कडेला घेता येते, समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत, आणि अरुंद रस्त्यावर ही सोय केवळ सुखाची नव्हे तर सुरक्षिततेचीही आहे. दुसरा लाभ प्रकाशाचा. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस आलो आहोत हे ध्यानात धरावे. मे ते ऑगस्टच्या थंडीत माध्यान्हीचा सूर्य येथे उत्तरेकडे कललेला असतो, आणि दक्षिण किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले असता ऊन पाठीवर येते. लाटेचा रंग आणि कातळाचे कंगोरे अशा उजेडात जितके स्वच्छ दिसतात, तितके ते आपल्या पश्चिमाभिमुख कोकणपट्टीत मावळतीच्या झगमगाटात कधी दिसत नाहीत.

आता त्या कातळाविषयी, कारण माझ्या मते या सगळ्या प्रवासाचे मर्म त्यातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारतभूमी आजच्या स्थानी नसून विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस असताना, पृथ्वीच्या पोटातील एका तप्त केंद्रावरून ती सरकत गेली, आणि त्या केंद्रातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार व सह्याद्रीचे कडे सिद्ध झाले, असे भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत आहे. भूमी उत्तरेस निघून गेली, पण अग्नी जागच्या जागी राहिला. लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या रांगेखाली त्याच्या खुणा आहेत. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी त्यानेच मॉरिशसला समुद्रातून वर काढले. आणि आज तो शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे, जेथला ज्वालामुखी अजूनही वारंवार जागा होतो. म्हणजे ज्या दगडातून राजगडाचे बुरूज बांधले गेले, तो दगड आणि सुइयाकच्या समुद्रात उभा असलेला हा दगड, या एकाच चुलीवरच्या दोन भाकरी आहेत. एक फार आधी उतरवलेली, दुसरी त्यामानाने ताजी. मुक्काम निवडताना मी एकच कसोटी लावतो: हा दगड समुद्राला कोठे भेटतो. वाळू बेटावर सर्वत्र आहे. ही भेट मोजक्याच ठिकाणी आहे.

माएबूरहून निघण्यापूर्वी, थोडे उत्तरेस जाऊन, व्यू ग्राँ पोर या उपसागराच्या काठी अर्धा तास द्यावा. १५९८ साली डच खलाशी प्रथम येथे उतरले आणि त्यांनी आपल्या मॉरित्स या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. डोडो हा उडता न येणारा पक्षी मनुष्याच्या आणि त्याने आणलेल्या जनावरांच्या संगतीत शंभर वर्षेही टिकला नाही. डचांनी १७१० मध्ये वसाहत सोडली, फ्रेंचांनी पाठोपाठ अंमल बसवला, आणि १८१० च्या ऑगस्टात याच उपसागरात फ्रेंच व इंग्रज आरमारांची अशी झुंज झाली, की पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेल्या लढायांत तिचे नाव आहे. मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी दुसऱ्या बाजूने सैन्य उतरवून बेट घेतले ते घेतलेच. डच किल्ल्याचे अवशेष येथे राखून ठेवले आहेत. त्यांच्यामागे उभा असलेला सिंहाचा डोंगर, पुढचे पाय पसरून समुद्राकडे पाहत बसलेल्या वनराजासारखा, खरोखरच सिंहासारखा दिसतो; अशा नावांच्या बाबतीत नेहमीच काही तशी खात्री देता येत नाही.

माएबूरला सोमवारी बाजार भरतो, आणि शक्य असेल तर निघण्याचा दिवस तोच धरावा. दाल पुरी नावाचा जो पदार्थ तेथे कागदात गुंडाळून हाती देतात, तो डाळ भरलेल्या मऊ पोळीचा प्रकार असून, बिहार-पूर्वांचलातून आलेल्या मजुरांनी तो येथे आणला आणि आता तो सबंध देशाचा झाला आहे; पुढे वाटेत जेवणाची सोय शोधण्यात वेळ दवडण्यापेक्षा चार पुऱ्या बरोबर घ्याव्यात. गावालगतच्या किनाऱ्यावरील ब्लू बे हे प्रवाळ पाहण्याचे संरक्षित स्थळ आहे, आणि समोरच्या इल ओ झेग्रेत या सव्वीस हेक्टरांच्या बेटावर मूळची झाडे, गुलाबी कबुतरे आणि मोठी कासवे यांना पुन्हा आश्रय देण्याचे काम मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था निष्ठेने करीत आहे. वाटाड्याबरोबर तेथे जाता येते. याच किनाऱ्याजवळ २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळाच्या भिंतीवर चढले, पुढे त्यातील तेल खाडीत पसरले, आणि तेव्हा आबालवृद्ध गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून, त्या शिवून, समुद्रावर त्यांचे बांध घातले. माएबूरच्या धक्क्यावर उभे राहून मी एवढेच म्हणेन, की आपण ज्या पाण्याची शोभा पाहावयास येतो, ते पाणी कोणीतरी स्वतःच्या हातांनी राखलेले असते, याची आठवण ठेवून तेथे एक कागदही टाकू नये.

माएबूर ते सुइयाक या टप्प्यात मुख्य रस्ता किनारा सोडून उसाच्या मळ्यांतून जातो. समुद्राच्या काठी पाँ नात्युरेल, म्हणजे लाटांनी कोरलेला दगडी पूल, आणि ल सूफ्लर, म्हणजे कातळातील पोकळीतून पाणी फुंकणारी जागा, अशी दोन ठिकाणे आहेत. परंतु तेथे नेणाऱ्या वाटा मळ्यांतल्या कच्च्या असून, पावसात त्यांवर लहान गाडी रुतते. कोरड्या दिवशी, स्थानिक माणूस बरोबर असता, जरूर जावे, एरवी नाही. जून ते डिसेंबर हा ऊसतोडणीचा काळ, आणि त्या दिवसांत उसाने काठोकाठ भरलेल्या मालमोटारी वळणावर अर्ध्याहून अधिक रस्ता व्यापतात, तेव्हा त्यांच्यामागून धीराने चालावे. रस्त्यांना पदपथ बहुधा नसतात, कडेला दगडी गटारे उघडी असतात, आणि संध्याकाळी माणसे व कुत्री दोन्ही रस्त्यावरूनच चालतात. म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

सुइयाक हे एके काळचे साखरेचे बंदर. अठराव्या शतकातील एका फ्रेंच गव्हर्नराच्या नावावरून त्याचे नाव पडले. गावाच्या दक्षिणेस ग्री ग्री नावाचा कडा आहे, आणि सबंध मार्गावर कोठे अधिकात अधिक वेळ द्यावयाचा असेल तर तो येथे द्यावा. प्रवाळभिंत येथे नाहीच. बेटाच्या इतर भागांत जो गडगडाट दूर क्षितिजाशी, पांढऱ्या रेघेच्या रूपाने, ऐकू न येता दिसतो, तो येथे पायाखाली येतो. लाट येते ती दिसण्याआधी कातळाला जाणवते. मग खालच्या कपारीतून एक खोल धप्प असा नाद उमटतो, मग पाणी पांढरे होऊन वर चढते, क्षणभर थांबते, आणि शेकडो धारांनी काळ्या दगडावरून परत उतरू लागते, तो दुसरी लाट येऊन ठेपते. कड्यावरच्या हिरवळीवर सुरूची झाडे वाऱ्याने उत्तरेकडे झुकलेली आहेत. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर भरतीच्या वेळी जो उभा राहिला असेल, त्याला हा आवाज ओळखीचा वाटेल, फक्त येथे तो दहापट आहे आणि त्याला ओहोटीचे उतार नाहीत.

हिरवळीवरून कड्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटे चालत गेले म्हणजे ला रोश की प्लेर, रडणारा खडक, लागतो. समुद्रात घुसलेल्या या कातळावर प्रत्येक लाटेनंतर पाणी झिरपत राहते आणि म्हणून हे नाव. बहुतेक प्रवासी ग्री ग्रीच्या वाहनतळावरून छायाचित्र काढून परततात. त्यांनी ही पंधरा मिनिटे वाचवून पुढे त्यांचे काय केले, हे मला कधी समजलेले नाही. जवळच रॉबेर-एद्वार आर या मॉरिशसच्या फ्रेंच कवीचे, प्रवाळाच्या दगडांनी बांधलेले छोटे घर आहे. १९५४ मध्ये तो निवर्तला, आणि घराचे आता संग्रहालय झाले आहे. समुद्रासमोर राहून कविता लिहिणाऱ्या माणसाने खिडकी कोठे ठेवली होती, एवढे पाहण्यासाठी तरी आत जावे.

ग्री ग्री येथे पोहू नये. सूचनाफलक आहेत, परंतु ते नसते तरी हे सांगावे लागले असते. खालच्या पुळणीवर उतरले असता पाणी गुडघ्याएवढे आणि सौम्य दिसते, मात्र परतणारी लाट माणसाला ओढून नेण्याइतकी बलवान असते. कड्याची कड ढिसूळ आहे. छायाचित्रासाठी तिच्यावर पाय ठेवू नये, आणि मुलांचा हात सोडू नये. पश्चिमेकडील उथळ खाजणातसुद्धा रबरी पादत्राणे घातल्याखेरीज उतरू नये, कारण तेथे समुद्री साळिंदर आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा या दोहोंचे काटे पायाला लागू शकतात.

सुइयाकहून थोडे आत सावान नदीवर रॉचेस्टर नावाचा धबधबा आहे. त्याची उंची फार नाही, परंतु पाणी ज्या खडकावरून पडते, तो चौकोनी-पंचकोनी खांबांचा आहे, जणू कोणी पाथरवटाने घडवून ओळीने उभे केलेले. लाव्हारस सावकाश थंड होताना आक्रसतो आणि त्याला अशा नियमित भेगा पडतात. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल, तर तीच ही रचना. घरापासून पाच हजार किलोमीटरांहूनही कमी अंतरावर, त्याच अग्नीची तीच सही. धबधब्यापर्यंतची वाट मळ्यांतून खडबडीत जाते, आणि वाट दाखवणारी मुले तेथे असतात. त्यांची मदत घेतली तर मोबदला आधी ठरवावा.

सुइयाकनंतर रस्ता खऱ्या अर्थाने सागरी होतो. रिव्हिएर दे गाले येथे वाळू नाही, नदीने आणून समुद्राने घोटलेले काळे गोटे आहेत, आणि लाट मागे हटताना त्यांचा जो खळखळाट होतो तो ऐकण्यासाठी इंजिन बंद करून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पुढे बेल ओंब्र. हल्ली हे नाव मोठ्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु रस्त्यालगतच्या स्मारकाकडे लक्ष द्यावे. ४ जून १९२३ रोजी ‘ट्रेव्हेसा’ हे ब्रिटिश जहाज हिंदी महासागराच्या मध्यावर बुडाले. खलाशी दोन उघड्या होड्यांत बसले. त्यांतील एक रॉड्रिग्ज बेटाला लागली आणि दुसरी पंचवीस दिवसांनी, २९ जूनला, येथे, बेल ओंब्रच्या किनाऱ्याला लागली. मोजून मिळणारे पाणी आणि बिस्किटाचा तुकडा यांवर पंचवीस दिवस काढलेल्या माणसांना ही सुरूची रांग प्रथम दिसली तेव्हा काय वाटले असेल, याचा विचार मनात घेऊन समुद्राकडे पाहिले, की त्या निळ्या रंगाचा अर्थ बदलतो. जाता जाता एक उपयुक्त गोष्ट: भरतीच्या रेषेखालची वाळू या देशात सार्वजनिक आहे, तेव्हा हॉटेलापुढील किनाऱ्यावर चालताना संकोच बाळगण्याचे कारण नाही, मात्र वाट हॉटेलातून न काढता सार्वजनिक रस्त्याने काढावी.

बे द्यु काप ही खाडी आणि तिच्या टोकाचे माकोंदे हे वळण, हे या मार्गावरील सर्वांत देखणे दोन-तीन किलोमीटर आहेत, असे मी निःसंकोच म्हणेन. डोंगर एकदम समुद्राशी येतो, रस्त्याला जागाच उरत नाही, आणि तो काळ्या कातळाला वळसा घालून पाण्याच्या इतका जवळून जातो, की वादळी दिवसांत तुषार काचेवर येतात. कातळावर चढण्यास पायऱ्या आहेत. वर गेल्यावर दोन्ही बाजूंचा किनारा, खाडीतल्या मच्छीमार होड्या आणि दूरवरची प्रवाळाची पांढरी रेघ असे सगळे एका नजरेत येते. गाडी थांबवण्यास जागा फार थोडी आहे आणि वळण आंधळे आहे. म्हणून वळणावर कदापि न थांबता, ते ओलांडून पुढे रुंद जागी गाडी ठेवावी आणि पायी मागे यावे. याच खाडीत १८०३ च्या डिसेंबरात मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी, ऑस्ट्रेलियाला जलमार्गाने पहिल्यांदा पूर्ण वळसा घालून परतत असता, गळके जहाज दुरुस्त करण्याच्या आशेने आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटल्याचे त्याला ठाऊक नव्हते, आणि फ्रेंच गव्हर्नराने त्याला सहा वर्षांहून अधिक काळ या बेटावर अडकवून ठेवले. त्याचे स्मारक येथे आहे.

बे द्यु कापहून एक घाटरस्ता शामारेल गावाकडे चढतो. दिवस हाती असेल तर हे वळण अवश्य घ्यावे. चढ तीव्र आहे, वळणे आवळ आहेत, आणि उतरताना सतत ब्रेकवर पाय न ठेवता खालचा गियर वापरावा, हे आपल्या आंबा वा वरंध घाटात गाडी चालवणाऱ्यास सांगावयास नको. वर ऐंशी मीटरांहून उंच असा धबधबा आहे, आणि सात रंगांची म्हणून प्रसिद्ध असलेली उघडी माती आहे. तिकिटे काढून, कठड्याबाहेरून, गर्दीत ती पाहावी लागते, आणि दुपारी बाराला गेल्यास रंग फिके दिसून निराशा होते. सकाळी लवकर, किंवा पाऊस पडून गेल्यावर, तांबडा, तपकिरी, जांभळट असे पट्टे खुलतात. मला ती माती निराळ्याच कारणाने मोलाची वाटते. काळा दगड उष्ण आणि पावसाळी हवेत युगानुयुगे कुजत गेला, विद्राव्य द्रव्ये वाहून गेली, मागे लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे उरली, आणि त्यांनी हे रंग आणले. आपल्या कोकणातील जांभा याच क्रियेने झालेला आहे. ज्याच्या आजोळचे घर जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेले असेल, त्याने येथे नवल म्हणून न पाहता ओळखीच्या नजरेने पाहावे.

आणि मग ल मोर्न. दुरून, माकोंदेच्या पलीकडून, तो प्रथम दिसतो तेव्हा मराठी मनुष्याच्या तोंडून एकच शब्द निघतो: किल्ला. ५५६ मीटर उंचीचा, चोहोबाजूंनी ताशीव कडे असलेला, समुद्रात शिरलेल्या भूशिरावर एकटाच उभा, माथ्यावर सपाट. आणि आश्चर्य असे, की इतिहासानेही त्याचा उपयोग किल्ल्यासारखाच केला. मोझांबिक, मादागास्कर आणि इतर मुलखांतून गुलाम करून आणलेले लोक मळ्यांतून पळून या कड्यांत आश्रय घेत, कपारींत आणि माथ्यावर वस्ती करून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी या बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. मौखिक परंपरा असे सांगते, की ही वार्ता कळवण्यासाठी शिपाई डोंगराकडे येऊ लागले, तेव्हा ते धरावयासच येत आहेत असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. या कथेला कागदाचा आधार शोधण्याचा आग्रह मी धरणार नाही. ज्यांच्या नावे दफ्तरात केवळ खरेदीची नोंद राहिली, त्यांची कथा तोंडीच यावयाची. २००८ साली युनेस्कोने या डोंगराचा जागतिक वारशात समावेश केला, आणि पायथ्याशी गुलामांच्या मार्गाचे स्मारक उभारलेले आहे. आधी तेथे जावे, मग किनाऱ्यावर.

चढावयाचे असेल, तर पहाटेच आरंभ करावा. पहिला निम्मा भाग रानातून जाणारी सुखाची वाट आहे, आणि तेथूनही खाजणाचा देखावा पुरेसा सुंदर दिसतो. पुढचा भाग मात्र हातांनी धरून चढण्याचा कातळ आहे, तो वाटाड्यावाचून, ओल्या दगडावर किंवा साध्या चपलेने चढू नये. निम्म्यावरून परतण्यात कमीपणा नाही. छायाचित्रांत जो ‘पाण्याखालचा धबधबा’ दाखवतात, त्याविषयीही येथेच सांगून ठेवतो: समुद्रतळाच्या उतारावरून घसरणाऱ्या वाळू-गाळाच्या छटांमुळे तो भास होतो, आणि तो केवळ आकाशातून दिसतो, किनाऱ्यावर उभे राहून त्याचा शोध घेण्यात संध्याकाळ घालवू नये. संध्याकाळ सार्वजनिक पुळणीवर, पश्चिमेकडे तोंड करून घालवावी. थंडीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी तासभर पोहोचावे, आणि सूर्याकडे पाहून झाले की एकदा मागे वळावे, कारण त्या वेळी कड्यावर चढणारा तांबूस रंग हा खरा देखावा असतो.

ल मोर्ननंतरचा पश्चिम किनारा सौम्य आहे. ला प्रेनेझचा जुना इंग्रजी बुरूज आणि तामारँची काळ्या दगडांनी बांधलेली जुनी मिठागरे वाटेत पाहावीत. बाकी हॉटेले, दुकाने आणि वाढती घरे यांसाठी गाडी थांबवण्याचे कारण नाही. ऋतूविषयी दोन शब्द येथेच उरकतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. त्यात गेल्यास सरकारी इशाऱ्यांवर लक्ष ठेवावे आणि इशारा लागू होताच प्रवास सोडावा. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोराचा असतो, समुद्र ऐन भरात असतो, आणि मी सांगितलेली दक्षिण बाजू तेव्हाच तिच्या खऱ्या रूपात दिसते. अंगावर एक जाड कपडा ठेवावा. वाहनपरवान्याविषयी गाडी भाड्याने देणाऱ्या कचेरीत आगाऊ, लेखी, विचारून घ्यावे.

शेवटचा मुक्काम समुद्रावर नाही. तामारँच्या उत्तरेस, किनाऱ्यापासून थोडे आत, कास्काव्हेल हे गाव आहे, आणि तेथे मराठी कुळांची जुनी वस्ती आहे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख हिंदी माणसे करारावर, गिरमिटावर, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली, आणि त्यांत मुंबई बंदरातून आलेली रत्नागिरी, सातारा या मुलखांतली माणसेही होती. ज्या दगडाच्या मुलखातून ती निघाली, त्याच दगडाच्या मुलखात ती येऊन पोहोचली. ती गोष्ट त्यांना सांगणारे तेव्हा कोणी नव्हते, पण उसासाठी जमीन मोकळी करताना वेचलेल्या त्या काळ्या धोंड्यांचे रचलेले ढीग आजही शेतांत उभे आहेत, आणि ते पाहताना मला देशावरच्या बांधांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गणपतीपुढे येथले मराठी लोक जो झाकरी नाच करतात, तो आपल्या जाखडीचा सख्खा भाऊ आहे. भाद्रपदात जाणे शक्य असेल, तर प्रवासाची तारीख त्याच बेताने ठरवावी. गावात छायाचित्रयंत्र पुढे करून शिरू नये. मराठीत नमस्कार करावा, मोठ्या माणसाला आजोबा-आजी म्हणावे, आणि उत्तर क्रिओल भाषेत आले तर वाईट वाटून घेऊ नये.

ज्यांच्या घरात ‘एक चुलत पणजोबा मिरिचला (म्हणजे मॉरिशसला) गेले ते परतलेच नाहीत’ अशी काही आठवण सांगितली जाते, त्यांनी परतीच्या आधी एक दिवस राखून ठेवावा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या आप्रवाशांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. क्रमांक, नाव, वय, गाव, जिल्हा, आणि पुष्कळांची छायाचित्रेही त्यांत आहेत. येथे अनेकदा पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढे वंशजांचे आडनाव झाले आहे, म्हणून नुसते आडनाव घेऊन गेल्यास शोध लागत नाही. संस्थेला आगाऊ पत्र लिहून परवानगी घ्यावी, आणि जाताना गेलेल्या माणसाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि अदमासे साल, एवढे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून बरोबर न्यावे.